सोवळे, पंढरपूर आणि ‘स्मृतिचित्रे’

सोलापूरच्या शेजारी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. संमेलनाचे ते पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. ते धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. बाजू घेणाऱ्यांपैकी अनेकांचा सूर असा, की ते धर्मगुरू असले तरी साहित्यिक आहेत. विरोध आणि समर्थन यांत अंतर मोठे. परंतु त्या ‘तरी’मध्ये एक गृहीत उभयतांना समान होते. श्रद्धा चर्चमध्ये ठेवावी, साहित्य बाहेर करावे, हे ते गृहीत. मराठी वाङ्मयाच्या कसोटीवर ते उतरते काय? हे तपासण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’हून योग्य ग्रंथ आम्हांला दिसत नाही.

१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे आजवर दोन प्रकारे वाचन झाले. बाहेरच्या जगाने त्यातील विनोद, घरगुती भाषा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या लहरी कवीबरोबरचा संसार यांचे मनापासून कौतुक केले. श्रद्धेचा भाग मात्र चरित्रातील एक घटना म्हणून बाजूला ठेवला. आपल्याकडे उलट झाले. बाप्तिस्म्याचे प्रकरण साक्ष म्हणून उचलले गेले आणि बाकीची हसवणूक प्रस्तावनेपुरती राहिली. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट, हा आणखी एक आडपडदा. दोन्ही वाचनांत पुस्तक अर्धेच हाती लागते.

कारण पुस्तकाची सुरुवातच सोवळ्याने होते. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिले आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन शुद्ध करण्याच्या त्यांच्या हव्यासाचे वर्णन वाचताना हसू आवरत नाही. पण त्या हसण्याखाली भयाने ग्रासलेले एक घर आहे. पुढे ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे त्यांना उमगले ते बाप्तिस्म्यापूर्वी. बाप्तिस्मा झाला १९०० साली. म्हणजे वडिलांच्या सोवळ्यातून पोरक्या मुलांनी भरलेल्या घराकडे जाणारी ही एकच वाट आहे. विनोद त्या वाटेवरची करमणूक नव्हे. ज्या बंधनावर माणूस हसू शकतो, त्याची पकड सैल झालेली असते. लक्ष्मीबाईंची श्रद्धा या हसण्यातूनच वाढली, असे आमचे मत आहे.

सोलापूरकर वाचकाला यातील पंढरपूरचा मुक्काम विशेष जवळचा वाटावा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नंतरच्या ताटातुटीच्या काळात लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात राहिल्या. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. त्या तुकारामाच्या विठोबाच्या नगरीत त्यांची पत्नी नवरा असून एकाकी दिवस काढीत होती! येथे लेखिका कोणाला खलनायक करीत नाही. मायेची माहेरची माणसे धर्म बुडाला म्हणून व्याकूळ होतात. पतीला पत्नी हवी आहे, पण श्रद्धा सोडवत नाही. श्रद्धेची किंमत टिळकांइतकीच, किंबहुना अधिक, तिने मोजली. साक्षीपर वाचनात नेमकी हीच किंमत गळून पडते.

ग्रंथ निर्दोष नाही. उत्तरार्धात प्रसंगांची गर्दी होते, धागा सैल पडतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. सारे पुन्हा सावकाश निरखण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. मात्र भाषेचा तोल कोठेही ढळत नाही. ज्या मराठीत त्या भांडणे सांगतात, त्याच मराठीत प्रार्थनाही. श्रद्धेसाठी निराळी, अनुवादित, सणावाराची भाषा त्यांनी काढून ठेवली नाही.

आपल्या लेखनाला हा धडा मोलाचा आहे. ‘कृपा’, ‘अर्पण’, ‘पाचारण’ हे शब्द आपल्याला सवयीचे. शेजाऱ्याला त्यांतून आपले घर दिसत नाही. आपल्या परंपरेत मार्ग नव्हता असे नाही. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत उतरविले. दोघेही धर्मगुरू असल्यामुळे लिहिते झाले, असूनही नव्हे.

मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडणाऱ्या या गिरणगावात आपली मुले शाळेत एक मराठी शिकतात आणि मिस्सेत दुसरी ऐकतात. दोन्हींची ओळख घरात झाली नाही, तर एक दिवस ती त्यांतील एकीलाच आपली म्हणतील. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ घरी मोठ्याने वाचावे, आणि आरंभ बाप्तिस्म्यापासून नव्हे, सोवळ्यापासून करावा. मुले आधी हसतील. त्यांना हसू द्यावे. पंढरपूर आले की ती आपोआप गप्प होतील.