सरडे वाढले, मग बिघडलं काय?

पवनचक्क्यांचा निसर्गावर परिणाम म्हटलं की आपण पात्यांना आपटून मेलेले पक्षी मोजायला निघतो. याच विषयात संशोधन करायचा विचार असेल, तर त्याआधी २०१८ चा एक शोधनिबंध वाचा. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा हा निबंध 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आला. काम मात्र आपल्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचं.

पठाराच्या पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी खूपच कमी आढळले. पवनचक्क्या नसलेल्या भागात ते जवळपास चौपट होते. खाणारे कमी, म्हणून 'सारडा सुपर्बा' हा गळ्याचा पंखा फुलवणारा सरडा वाढला. (हो, त्याच्या प्रजातीचं नाव आपल्या 'सरडा'वरूनच घेतलंय.) आता समजा, परिणामांचा अहवाल तुम्हालाच लिहायचाय आणि तुम्ही फक्त सरडे मोजलेत. 'संख्या वाढली, अधिवास उत्तम' असं लिहून मोकळे झाला असतात! या तिघांनी पुढचंही तपासलं. ते सरडे अंगाने रोड होते, नरांच्या गळ्याचे रंग फिके होते, रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. नुसत्या मोजणीच्या तक्त्यात यातलं काहीच दिसलं नसतं. निबंधाचं खरं मोल मला इथे वाटतं.

तरी दोन गोष्टी खटकतात. शीर्षक एकंदर पवनऊर्जा प्रकल्पांबद्दल बोलतं, पुरावा मात्र एका पठारावरचा आहे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. तुलना 'इथे आणि तिथे' अशी आहे, 'आधी आणि नंतर' अशी नाही. पवनचक्क्या काही चिठ्ठ्या टाकून उभ्या करत नाहीत; वारा, रस्ता, जमिनीचा मालक बघून जागा ठरते. मग दोन भागांतला फरक मुळातच किती होता, हे कसं कळणार?

पण आधीची नोंद संशोधकांनी आणायची कुठून? २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात जलविद्युत आहे, औष्णिक आहे, पवनऊर्जा नाही. वनजमीन लागली तर वन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. पण खाजगी मालकीचा उघडा सडा कागदावर बहुतेक वेळा 'पडीक'च असतो, त्याची नोंद कोण करणार? मूल्यांकनच नाही, म्हणून 'आधी' नाही. आणि 'आधी' नाही, म्हणून नंतरच्या प्रत्येक निष्कर्षावर कंपनीचा वकील बोट ठेवू शकतो.

तेव्हा तुमच्या तालुक्यात नव्या प्रकल्पाचा नुसता प्रस्ताव आला असेल, तर गाइडच्या मागे लागा आणि खांब उभे राहण्याआधीचे निदान दोन हंगाम पदरात पाडून घ्या. पवनचक्क्या येणार नाहीत असं जवळचं दुसरं पठारही त्याच दिवसांत मोजा. आणि फक्त डोकी मोजू नका, वजनकाटा सोबत न्या.