ओळख झाली, पुढे काय?

पक्षिनिरीक्षणाला निघालेल्या शिक्षकाच्या पिशवीत हमखास सापडणारे पुस्तक म्हणजे डॉ. सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'. १९४१ साली पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तकाने आमच्यासारख्या अनेकांना पक्षी ओळखायला शिकवले. त्याची मोठी खुबी म्हणजे आकाराचे माप. दूरवरचा पक्षी किती सेंटिमीटर लांब आहे हे सांगता येत नाही. म्हणून लेखकाने चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशी ओळखीच्या पक्ष्यांचीच मोजपट्टी केली. 'मैनेपेक्षा थोडा मोठा' हे पाचवीतले मूलही सांगू शकते. तुलनेने मोजण्याचा यापेक्षा सोपा पाठ आम्हांला ठाऊक नाही.

पण हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या बेंबळा किंवा अरुणावती धरणाच्या काठी हे पुस्तक उघडले, की त्याची मर्यादा कळते. चक्रवाक किंवा थापट्या बदक चित्राशी चटकन जुळतात. चिखलातले मळकट तुतवार मात्र जुळत नाहीत. 'हिरवी तुतवार' म्हटले की मुले हिरवा रंग शोधू लागतात! ती आणि ठिपकेवाली तुतवार यांतला फरक उडताना स्पष्ट दिसतो : पहिलीच्या पंखांची खालची बाजू काळपट, दुसरीची फिकट. इथे चित्रापेक्षा धीर उपयोगी पडतो.

आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. हे पुस्तक 'कोणता पक्षी?' याचे उत्तर देते आणि आपण शिक्षक तिथेच थांबतो. किती, केव्हा, नेमके इथेच का, हे प्रश्न राहून जातात. समुद्रकाठी भरती-ओहोटीमुळे चिखल रोज उघडा पडतो. आपल्याकडे रब्बीला पाणी सुटते, धरणाची पातळी हळूहळू उतरते आणि काठ उघडा होतो. त्या चिखलातले किडे-अळ्या हे तुतवारांचे अन्न. म्हणजे पक्ष्यांची संख्या आणि पाटाचे पाणी यांचा संबंध मुलांना स्वतः तपासता येईल. पुस्तकात हे मिळणार नाही. तो त्याचा हेतूही नव्हे.

म्हणून पुस्तक जरूर न्यावे, पण सोबत एक वही असावी. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पक्ष्यांची संख्या एवढेच लिहावे, तेही दर पंधरवड्याला, एकाच जागेवरून. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, तीही अशाच मोजणीवर उभी आहे. नुसत्या नावांच्या यादीवरून तळ्याचे काय बिघडले ते कळत नाही. दहा वर्षांच्या वहीवरून कळू शकते.