कुंपण ओलांडल्यावर

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्यातलं काय आठवतं असं विचारलं, तर आपण सांगतो : बुलेटवरून येणारी आर्ची, विहिरीचा प्रसंग, आणि तो शेवट. हैदराबादेत परशाने आर्चीवर हात उचलला, हे फारसं कुणी सांगत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

गावात आर्ची पाटलाची लेक. ट्रॅक्टर चालवणारी, पोरांना दम देणारी. परशा मासेमारी करणाऱ्या घरातला. तिच्या ज्या धिटाईवर तो भाळला, तीच पुढे त्याला खुपू लागते. ती कामावर जाते, परक्या पुरुषाशी हसून बोलते, आणि याच्या डोक्यात संशय शिरतो. म्हणजे बघा, जातीच्या उतरंडीत तो खाली होता. खोलीचं दार लावल्यावर मात्र पुरुष म्हणून वर गेला. प्रेमाने एक उतरंड मोडली आणि दुसरी गाठोड्यात बांधून सोबत नेली.

या दोन्ही उतरंडी एकमेकींना धरून आहेत. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न होऊ न देणं हाच जातीचा गाभा, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चाली त्यासाठीच, अशी त्यांची मांडणी. थोडक्यात, बाईला बांधल्याशिवाय जात टिकत नाही. त्याच अमेरिकेत तेव्हा बऱ्याच राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी होती. ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली १९६७ साली. वंश म्हणा, जात म्हणा, पहारा लग्नाच्याच दारावर!

सिनेमात पुढे आर्ची परत येते, संसार सावरतो. त्या उचललेल्या हाताचा हिशेब मात्र राहून जातो. इथे दिग्दर्शकाने घाई केली, असं आम्हाला वाटतं. तरी नायकाला इतकं उघडं पाडायला धाडस लागतं. २०१८ च्या हिंदी ‘धडक’मध्ये तर मुळात जातच पुसट झाली.

आणि आपण? जातीतच ठरलेल्या लग्नाच्या वरातीत ‘झिंगाट’वर नाचतो. ज्यांनी जात ओलांडून लग्न केलं, त्यांचं कौतुक आहेच. पण त्यांनाही एक विचारायचंय : घरात बायकोचा फोन कोण तपासतं, आणि तिचा पगार कुणाच्या हातात जातो? कुंपण ओलांडलं की नाही, हे तिथं कळतं.