होमाईबाईंची मुंबई

होमाई व्यारावाला हे नाव निघाले की जाणकारांच्या डोळ्यांपुढे दिल्ली उभी राहते. कबुतर उडविणारे पंडितजी; फोटो काढण्यास सक्त मनाई असलेल्या पाटीशेजारी खुशाल उभे राहिलेले पंडितजी! चित्रे उत्तमच आहेत. पण त्यांच्या झगमगाटात याच बाईंची आधीची मुंबई झाकली गेली, आणि माझ्या मते त्यांच्यातील कलावती पाहावयाची ती तिथेच.

नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या होमाईबाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. कॅमेरा हाती दिला तो माणेकशा व्यारावालांनी. पुढे तेच पती झाले. त्या काळी हौशी फोटोग्राफर म्हणजे चित्रकाराची सावली. धुके हवे, संधिप्रकाश हवा, दूर एखादी होडी हवी. होमाईबाईंच्या चौकटीतही कलाशाळेची शिस्त आहे. मात्र त्या चौकटीत जिवंत माणूस येतो. वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिची १९३० नंतरच्या दशकाअखेरची चित्रे पाहावीत. पुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे बाई ‘बसते’. मैत्रिणीपुढे ती नुसती असते. आमच्या शहागडच्या जुन्या घरांतले फोटो आठवा : आजोबा खुर्चीत ऐसपैस, आणि मागे आजी, अंग चोरून, जणू तिमाही परीक्षेला उभी केलेली!

आणि सही? १९३८ च्या सुमारास महिलांच्या एका सहलीची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने घेतली, दर चित्रास एक रुपया देऊन. पुढे चित्रे छापली जात. नाव मात्र माणेकशांचे. बाईच्या नावाला बाजारात पत नव्हती. माणेकशांना बोल लावणे सोपे आहे, पण विद्या त्यांनीच दिली. दोष द्यायचा तर ते अंक चवीने चाळणाऱ्या वाचकांना, म्हणजे आपल्याच वाडवडिलांना द्यावा. नंतर बाईंनी ‘डालडा १३’ असे गमतीचे टोपणनाव घेतले. जन्म १९१३ चा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी, मोटारीचा नंबर डी.एल.डी. १३. हे नाव निदान त्यांचे स्वतःचे तरी होते.

१९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या, १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. २००६ साली सबीना गडिहोक यांचा ग्रंथ आला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले, २०१२ मध्ये बाई गेल्या. गौरव झाला, पण तो मुख्यतः इतिहासाच्या साक्षीदाराचा. मुंबईची चित्रे अजूनही प्रस्तावनेसारखी भरभर उलटली जातात. तो ग्रंथ हाती आला तर पंडितजींना थोडे थांबवून आधी रेहानाचे पान काढावे.