खेळाच्या टेबलावरील अ‍ॅजिनकोर्ट : मध्ययुगीन लढाईच्या दोन नियमसंचांची समीक्षा

प्रास्ताविक

खेळ म्हटला की तो समीक्षेच्या कक्षेबाहेरचा, असा एक समज रूढ आहे. ऐतिहासिक कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांनी भूतकाळाचे कोणते चित्र उभे केले याची चिकित्सा होते. परंतु रंगवलेल्या छोट्या मूर्तींच्या सैन्यांनी टेबलावर खेळल्या जाणाऱ्या लढाईकडे निव्वळ छंद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः अशा खेळाचा नियमसंच हा इतिहासाविषयी केलेल्या विधानांचाच संच असतो. धनुर्धाऱ्याला किती गुण द्यावेत आणि घोडेस्वाराने एका पाळीत किती अंतर चालावे हे ठरवताना नियमकर्ता भूतकाळाचा अर्थ लावत असतो. कादंबरीकाराला संदिग्ध राहण्याची मुभा असते. नियमकर्त्याला ती नसते, कारण त्याला प्रत्येक गोष्ट आकड्यात सांगावी लागते. प्रस्तुत लेखात फिल बार्कर व सहकाऱ्यांचा ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ (१९९०) आणि डॅनियल मर्सी यांचा ‘लायन रॅम्पंट’ (२०१४) हे दोन नियमसंच, २५ ऑक्टोबर १४१५ रोजी उत्तर फ्रान्समध्ये झालेल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईच्या संदर्भात तपासले आहेत.

या खेळाची वंशावळ थोडक्यात सांगता येते. चतुरंगातून युरोपात पोहोचलेल्या बुद्धिबळाचा विस्तार करून हेलविग याने १७८० मध्ये ब्राउनश्वाइग येथे घरांच्या मोठ्या पटावरचा युद्धखेळ रचला. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये घरे टाकून नकाशा घेतला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाद्वारे हा खेळ घराच्या दिवाणखान्यात आणला. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ (१९६२) या पुस्तकापासून आजच्या छंदाची सुरुवात मानली जाते. १९६५ मध्ये प्राचीन व मध्ययुगीन लढायांच्या खेळाडूंची ‘सोसायटी ऑफ एन्शन्ट्स’ ही संस्था निघाली. या प्रवासात एक गोष्ट मात्र गळाली, आणि ती महत्त्वाची आहे. राइसविट्झच्या खेळात पंच असे. सेनापतीला प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच तो खेळाडूला दाखवी. दोनच खेळाडूंच्या आजच्या खेळातून पंच बहुधा गेला आणि त्याच्याबरोबर अज्ञानही गेले. टेबलाशी उभा असलेला माणूस सर्व काही वरून पाहतो. पाचव्या हेन्रीला किंवा त्याच्या शत्रूला ही दृष्टी कधीच लाभली नव्हती.

आकडा हेच विधान

‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ची रचना कमालीची आटोपशीर आहे. प्रत्येक बाजूला बारा तुकड्या असतात. एका पट्टीवर चिकटवलेल्या तीन-चार मूर्ती म्हणजे एक तुकडी. पंधरा मिलिमीटर उंचीच्या मूर्तींसाठी दोन फूट लांबी-रुंदीचे टेबल पुरते. दोन तुकड्या भिडल्या की प्रत्येक खेळाडू एक फासा टाकतो आणि त्यात तुकडीचे गुण मिळवतो. ज्याची बेरीज कमी येते त्याची तुकडी मागे हटते. बेरीज निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर ती नष्ट होते. चार तुकड्या आधी गमावणारा हरतो. तासाभरात लढाई संपते.

या आटोपशीरपणात इतिहासाचे नेमके वाचन दडलेले आहे. धनुर्धाऱ्यांना घोडदळाविरुद्ध ४ गुण आहेत, पायदळाविरुद्ध २. वरकरणी हा किरकोळ तपशील वाटेल. परंतु इंग्लिश लांब धनुष्याने चिलखतांच्या भिंती भेदल्या, या शालेय पाठ्यपुस्तकांतून लोकप्रिय झालेल्या समजुतीला हा आकडा स्पष्ट नकार देतो. बाण घोड्याला घायाळ करतात आणि घोडा बिथरला की स्वार निरुपयोगी होतो. पायी चालणाऱ्या पोलादी चिलखतातील माणसाला मात्र बाण मुख्यतः त्रास देतात, असे नियमकर्त्याचे म्हणणे आहे. अ‍ॅजिनकोर्टचा घटनाक्रम या म्हणण्याशी जुळतो. दोन्ही बगलांवरील फ्रेंच स्वारांचा हल्ला बाणांपुढे कोलमडला, तर पायी निघालेली पहिली फळी बाणांचा वर्षाव सोसत इंग्लिश रांगेपर्यंत पोहोचली. दोन अंकांत मांडलेले हे मत अनेक पानांच्या वर्णनाहून अधिक ठाम आहे.

पुढचा प्रश्न असा की, रांगेपर्यंत पोहोचलेली ही फळी हरली का? येथे नियमसंच मौन पाळतो. जॉन कीगन यांनी ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६) या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या शरीरात शोधले. रात्रभराच्या पावसाने नांगरलेल्या शेताचा चिखल झाला होता. दोन वनांमधील अरुंद पट्टीत हजारो चिलखतधारी एकमेकांना चिकटून चालत होते. मागचे पुढच्यांना रेटत होते. पुढच्यांना शस्त्र उगारण्यापुरतीही जागा उरली नाही. पडलेला माणूस उठू शकत नव्हता, आणि त्याच्यावर पुढचा पडत होता. टेबलावर चिखल दाखवण्याचे साधन एकच असते, ते म्हणजे तुकडीची चाल कमी करणे. गर्दीला तर साधनच नाही. उलट मागे दुसरी तुकडी उभी केल्यास पुढच्या तुकडीला बळ मिळावे असा काही शस्त्रप्रकारांसाठी नियम आहे. दाटीमुळे सैन्य दुबळे होते ही कल्पनाच अशा गणितात बसत नाही. अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंचांचा घात त्यांच्या संख्येने केला असेल, तर संख्येला केवळ बळ मानणारा खेळ ही लढाई मुळातच चुकीची वाचतो, असे म्हणावे लागते.

फासा आणि मानमरातब

तरीही बार्कर यांच्या रचनेतील एका कल्पनेचे मोल मान्य करावे लागेल. प्रत्येक पाळीच्या आरंभी खेळाडू एक फासा टाकतो आणि जितके अंक पडतील तितक्याच तुकड्या किंवा एकत्र असलेले गट त्याला हलवता येतात. सैन्य एका रांगेत असेपर्यंत एका अंकातही काम भागते; ते विखुरले की सहाही अपुरे पडतात. मध्ययुगीन सेनापतीचे सैन्य एकदा सुटले की हाताबाहेर जाते, हे सत्य एका साध्या फाशाने इतक्या सहज सांगितले आहे की त्याला दाद द्यावीशी वाटते.

पण फासा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. अ‍ॅजिनकोर्टला अव्यवस्था एकाच बाजूला होती आणि तिला सामाजिक कारण होते. मार्शल बूसिको याच्या नावाशी निगडित असलेली फ्रेंच सैन्याची पूर्वयोजना ब्रिटिश लायब्ररीतील एका हस्तलिखितात सापडली व १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. धनुर्धारी व आडव्या धनुष्याचे तिरंदाज बगलांच्या पुढे ठेवावेत आणि निवडक स्वारांनी इंग्लिश धनुर्धाऱ्यांवर तुटून पडावे, अशी ती शहाणपणाची योजना होती. प्रत्यक्ष दिवशी पहिल्या फळीत उभे राहण्याच्या मानासाठी सरदारांची झुंबड उडाली आणि तिरंदाज मागे ढकलले गेले. राजा रणांगणावर नव्हता. कॉन्स्टेबल दाल्ब्रे याच्याकडे अधिकार होता, पण राजघराण्यातील ड्यूक मंडळींना आज्ञा देण्याइतका दरारा त्याच्यापाशी नव्हता. हा गोंधळ दैवाने घडला नाही. तो जन्मसिद्ध प्रतिष्ठेच्या व्यवस्थेतून निपजला. फासा गोंधळ दाखवतो आणि त्याचे कारण पुसून टाकतो.

म्हणूनच टेबलावर फ्रेंच बाजू घेणारा कोणताही बरा खेळाडू बूसिकोची योजना अमलात आणतो आणि बहुधा जिंकतो. त्याला त्याचे श्रेय देण्याचे कारण नाही. त्याच्या बारा तुकड्यांपैकी कोणाचाही काका राजा नसतो.

चोवीस वर्षांनंतर आलेल्या ‘लायन रॅम्पंट’ची दिशा वेगळी आहे. हा लहान चकमकींचा खेळ असल्याने अ‍ॅजिनकोर्टसारखी मोठी लढाई त्याच्या आवाक्यात नाही. तरीही मध्ययुगीन मनाविषयी त्याला अधिक कळते. घोड्यावरील चिलखतधारी सरदारांची तुकडी शत्रू टप्प्यात येताच आपोआप चालून जाण्याचा प्रयत्न करते. मालकाची इच्छा असो वा नसो. लढाईआधी नायक प्रौढी मिरवू शकतो, अमुक पराक्रम करीन अशी उघड प्रतिज्ञा करू शकतो, आणि ती खरी ठरली तर त्याला कीर्तीचे गुण मिळतात. त्यामुळे खेळाडू कधी कधी लढाईच्या दृष्टीने मूर्खपणाची, पण प्रतिष्ठेच्या दृष्टीने अपरिहार्य अशी चाल करतो. फ्रेंच सरदारांच्या वर्तनाचा अर्थ या छोट्या नियमातून जितका कळतो तितका पहिल्या खेळातून कळत नाही. दोन्ही संचांची तुलना करता मर्सी यांचा संच लष्करी दृष्ट्या उथळ आणि सांस्कृतिक दृष्ट्या सखोल ठरतो. इतिहासाच्या वर्गात एखादा अध्यापक खेळ नेणार असेल तर त्याने हा फरक जाणूनच निवड करावी.

संख्या, रंग आणि नावे

अ‍ॅजिनकोर्टविषयीचा अलीकडचा सर्वांत मोठा वाद संख्येचा आहे. सुमारे सहा हजार इंग्लिश विरुद्ध त्यांच्या कितीतरी पट फ्रेंच, हे परंपरेने चालत आलेले चित्र. अ‍ॅन करी यांनी २००५ मध्ये पगारपत्रके व करारनामे तपासून इंग्लिश सुमारे ९,००० आणि फ्रेंच सुमारे १२,००० असा निष्कर्ष काढला. सर्वांना तो मान्य नाही, पण त्यानंतर जुने आकडे निर्धास्तपणे उद्धृत करणे अवघड झाले आहे. १९६९ पासूनच्या जुन्या नियमांत एक मूर्ती म्हणजे वीस सैनिक असे प्रमाण होते; करींचे आकडे घेतले तर टेबलावर एकीकडे साडेचारशे आणि दुसरीकडे सहाशे मूर्ती लागतील. त्या रंगवायला वर्षे लागतात, परंतु निदान दोन पक्षांतले अंतर नजरेला दिसते. बारा विरुद्ध बारा तुकड्यांच्या रचनेत हा सगळा वादच विरून जातो. खेळाला न्याय्य व्हायचे असते म्हणून तो बाजू समान करतो. इतिहासाला असे कोणतेही बंधन नसते.

मूर्ती रंगवण्याच्या कलेचा विचार येथेच करावा लागतो, कारण खेळाडूचा बहुतांश वेळ टेबलाशी जात नाही, कुंचल्याशी जातो. अस्तराचा रंग, त्यावर मूळ रंग, घड्यांत उतरणारी पातळ शाई, उंचवट्यांवरून फिरवलेला जवळजवळ कोरडा कुंचला, असे हे काम थराथराने चालते. सरदाराच्या अंगरख्यावर व ढालीवर त्याचे कुलचिन्ह अचूक उतरवण्यासाठी खेळाडू कुलचिन्हांचे ग्रंथ धुंडाळतात. हेन्रीच्या अंगावर इंग्लंडच्या सिंहांशेजारी फ्रान्सची कमळफुले हवीत आणि ती तीनच हवीत, हे त्यांना ठाऊक असते. ही साधना गंभीर आहे व तिची थट्टा करणे अनाठायी ठरेल. पण तिच्यातून एक उतरंड तयार होते. ज्याला चिन्ह आहे त्याला टेबलावर नाव मिळते. धनुर्धारी तपकिरी, करडा, मळका तांबडा अशा रंगांत चार-चाराने पट्टीवर चिकटतात आणि निनावी राहतात. वास्तविक त्यांची नावे नष्ट झालेली नाहीत. इंग्लिश राजकोशाने सैनिकांच्या हजेरीपत्रकांवर ती नोंदवून ठेवली आणि १३६९ ते १४५३ या काळातील अशा अडीच लाखांच्या घरातील नोंदी करी व एड्रियन बेल यांच्या प्रकल्पातून अभ्यासकांना खुल्या झाल्या आहेत. निनावीपण हा कागदपत्रांचा दोष नाही. कशाला रंगवण्याजोगे मानायचे या निवडीचा तो परिणाम आहे.

टेबलावरून उचललेली तुकडी

युद्धखेळावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की तो हिंसेचे उदात्तीकरण करतो. तो फारसा टिकत नाही. शिशाच्या सैनिकाला पाहून कोणी रक्ताला चटावत नाही. दोष असलाच तर तो नीटनेटकेपणाचा आहे. हरलेली तुकडी टेबलावरून उचलून डबीत ठेवली जाते. ती मेली, पळाली की शरण आली, याची नोंद होत नाही, कारण निकालासाठी तिची गरज नसते. मध्ययुगीन युद्धात मात्र हाच प्रश्न निर्णायक होता. पकडलेला सरदार म्हणजे खंडणी, आणि खंडणीच्या आशेने सामान्य सैनिकही जीव धोक्यात घाली. ओर्लेआँचा ड्यूक अ‍ॅजिनकोर्टला कैद झाला तो १४४० पर्यंत इंग्लंडमध्ये अडकून पडला. बूसिको कैदेतच १४२१ मध्ये मरण पावला.

त्या दिवशी दुपारी, लढाई जवळजवळ जिंकलेली असताना, फ्रेंच पुन्हा चालून येत आहेत या भयाने हेन्रीने कैद्यांना ठार मारण्याचा आदेश दिला. पकडणाऱ्या सरदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा एका वृत्तकाराच्या म्हणण्याप्रमाणे दोनशे धनुर्धाऱ्यांवर हे काम सोपवण्यात आले. हा निर्णय क्रूर होता की अपरिहार्य, यावर इतिहासकारांत सहा शतके वाद आहे. प्रस्तुत दोन्ही नियमसंचांत हा निर्णय घेण्याची वेळच खेळाडूवर येत नाही. कैदी टेबलावर राहिले असते, त्यांच्या पहाऱ्याला तुकड्या गुंतल्या असत्या आणि पाठीमागे नवी फळी दिसली असती, तर हेन्रीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी ठरवावे लागले असते. असा नियम रचणे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. तो रचल्यास खेळ कमी रंजक होईल असे नाही. तो अधिक अस्वस्थ करणारा होईल, आणि रविवारच्या दुपारी मित्राबरोबर चहा घेत तो खेळण्याची किती जणांना इच्छा होईल, हा वेगळा प्रश्न.

मारल्या गेलेल्या कैद्यांत ब्राबांटचा ड्यूक अँथनी होता, असे सांगितले जाते. तो रणांगणावर उशिरा पोहोचला. पूर्ण साज चढवायला वेळ नव्हता, म्हणून त्याने तुतारीवाल्याच्या निशाणाला मध्यभागी भोक पाडून तेच अंगरख्यासारखे गळ्यात घातले. पकडला गेला तेव्हा त्या फडक्यावरून तो कोण हे कोणाला ओळखू आले नाही, आणि मोठी खंडणी देऊ शकणारा हा माणूस इतरांबरोबर मारला गेला. आज त्याची मूर्ती रंगवायला घेणारा छंदिष्ट ग्रंथ उघडून ब्राबांटचा काळ्या पृष्ठावरचा सोनेरी सिंह शक्य तितक्या काळजीने तिच्या छातीवर रंगवील.