फाशावरून आलेले दुर्दैव : ‘अ‍ॅम्झेस’ आणि ‘कली’

इंग्रजीत ‘अ‍ॅम्झेस’ असा एक जुना शब्द आहे. दोन फासे टाकले असता दोहोंवर एकेकच ठिपका पडणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून ‘दुर्दैव’ हा दुसरा. लॅटिनमध्ये ‘अंबास’ म्हणजे दोन्ही आणि ‘आस’ म्हणजे एकक. हे जोडरूप जुन्या फ्रेंचमधून मध्यकालीन इंग्रजीत आले. चॉसरने चौदाव्या शतकात ‘मॅन ऑफ लॉ’च्या कथेच्या प्रस्तावनेत ते योजिले आहे, शेक्सपिअरच्या ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’ या नाटकातही ते आढळते. आज मात्र हा शब्द कोशाबाहेर क्वचितच भेटतो.

दुर्दैववाचक शब्दांचे मूळ ग्रहनक्षत्रांत शोधावे, अशी आपल्याकडील अभ्यासकांस सवय जडली आहे. ‘साडेसाती’सारखा शब्द हाताशी असल्यामुळे ती सवय बळावते. पण मराठीत ‘अ‍ॅम्झेस’चा खरा सोबती आहे तो ‘कली’. ‘त्याच्या अंगात कली शिरला’ असे आपण म्हणतो, आणि हा कली म्हणजे कलियुगाचा अधिष्ठाता असे विद्यार्थ्यांस सांगून मोकळे होतो. हे स्पष्टीकरण उलटे आहे. कृत, त्रेता, द्वापर व कली ही आधी द्यूतातील दानांची नावे होती. युगांस ती मागाहून मिळाली.

वैदिक द्यूताचे अक्ष म्हणजे बेहड्याची फळे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (१०.३४) तीच आहेत. हाइन्रिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राचीन भारतीय द्यूतावरील प्रबंधात ह्या खेळाचे गणित उलगडले. ठिपके मोजावयाचे नसून फळांची संख्या मोजावयाची असे. चारांनी निःशेष भाग गेला तर कृत, म्हणजे जिंकणारे दान; तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एक उरला तर कली. तैत्तिरीय ब्राह्मणात चारांस कृत व पाचांस कली म्हटले आहे, ते ह्याला विरोधी वाटेल. पण पाचांतून चार वजा जाता एकच उरतो. म्हणजे रोमन फासा असो वा बेहड्याचे फळ, हार ‘एका’वरच येऊन ठेपते. हे साम्य उसनवारीचे नव्हे आणि सगोत्रतेचेही नव्हे. लहानात लहान संख्या हरते, एवढ्यावरून दोन भाषा स्वतंत्रपणे तेथे पोहोचल्या.

येथून पुढे मात्र वाटा फुटतात, आणि त्याचे कारण नलोपाख्यानात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील आरण्यकपर्व (संपादक वि. सी. सुखटणकर, १९४२) उघडून हा भाग द्यूताच्या दृष्टीने वाचावा. बारा वर्षे टपून बसलेला कली, नलाने पाय न धुता संध्या केली तेव्हा त्याच्यात शिरतो; द्वापर अक्षांत शिरतो. पुढे ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता एका बेहड्याची पाने व फळे क्षणात मोजून दाखवितो. हा केवळ चमत्कार नव्हे. मोजणे हेच ज्या द्यूतातील कौशल्य, त्या द्यूताची ही आठवण होय. म्हणूनच नलास तेथेच अक्षहृदय मिळते आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडून त्याच झाडाचा आश्रय करतो. कथा सांगते की, कलीच्या आश्रयामुळे बेहडा अप्रशस्त ठरला. इतिहास नेमका उलट आहे: बेहड्याच्या फळांतूनच कली जन्मला. (त्रिफळा चूर्णात हाच बेहडा आपण निःशंकपणे सेवन करतो.) युग आणि दान यांबाबत आपण जी उलथापालथ करतो, तिचा पहिला नमुना असा खुद्द कथेतच आहे.

कथेने कलीस देह दिला, म्हणून तो शब्द टिकला. अ‍ॅम्झेस हे निव्वळ दानच राहिले आणि खेळांबरोबर मागे पडले. पण टिकताना अर्थ पालटला. अ‍ॅम्झेस माणसाच्या बाहेर, पटावर पडते. कली आत शिरतो. त्यामुळे मराठीत ज्याचे नुकसान झाले त्याच्याविषयी ‘कली शिरला’ असे सहसा म्हणत नाहीत. ज्याची बुद्धी फिरली त्याच्याविषयी म्हणतात. दुर्दैवाचा शब्द दुर्वर्तनाचा झाला, आणि त्याबरोबर एक सोयही झाली: दोष माणसाचा की शिरलेल्याचा, हे संदिग्ध ठेवता येते. नलाच्या चाहत्यांस ही सोय फार मानवते. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ कथा इतकी उदार नाही. पाय न धुण्याची चूक तिने नलाच्याच पदरी टाकली आहे.

ध्वनींची साक्षही पाहण्याजोगी आहे. संस्कृतातील स्वरमध्यस्थ ‘ल’ मराठीच्या तद्भव शब्दांत ‘ळ’ होतो: फल–फळ, काल–काळ. ‘कली’ मात्र ‘ल’ राखून आहे. अर्थात तो पुराण-कीर्तनांच्या द्वारे पुन्हा घेतलेला तत्सम होय. मग तद्भव रूप कोठे गेले? संस्कृतात ‘कलि’ म्हणजे भांडणही. ‘कळीचा नारद’ ह्या प्रयोगातील ‘कळी’ ही तीच. फुलाची कळी वेगळी, ती ‘कलिका’पासून. एकच शब्द असा मराठीत दोनदा आला, एकदा घरातील भांडण घेऊन आणि एकदा ग्रंथातील नलाची कथा घेऊन. फळे मोजण्याची आठवण दोहोंतही उरली नाही.

सोंगट्यांच्या खेळातील ‘पोबारा’ची गत याहून मौजेची आहे. एक आणि बारा मिळून पडणारे हे भाग्याचे दान. हिंदीत ‘पौ बारह’ अजून भाग्याचेच आहे, आणि ‘तीन काने’ म्हणजे तीन एकांचे दान हा अ‍ॅम्झेसचा सख्खा शेजारी. मराठीत मात्र पोबारा करतो तो पळून जाणारा.