छापले होते, पण पोचले का?

माझ्या भाचीने माध्यमधोरणावरचा प्रबंध वाचायला दिला. कायदे, समित्या, अहवाल, मग वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची मोजदाद. कष्ट पुष्कळ घेतलेत पोरीने. पण भोपाळात राहणाऱ्या मला ते अपुरे वाटले.

इथल्याच राजकुमार केसवानींनी १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या धोक्याबद्दल पुन्हापुन्हा लिहिले. वर्षअखेरीस विधानसभेत विषय निघाला. मंत्र्यांनी कारखाना सुरक्षित असल्याचे सांगितले. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त केसवानींचा इशारा आला. डिसेंबरात वायू सुटला.

आता भाचीच्या पद्धतीने काय दिसते? लेख छापले गेले, म्हणजे स्वातंत्र्य होते! रकाने मोजून एवढेच हाती लागणार. अंक किती घरांत गेला? मोठ्या पत्रांनी विषय उचलला का? सरकारी जाहिराती कोणाला मिळत? कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरात ज्या बायकांना वाचता येत नव्हते, त्यांना कोणी सांगितले? त्यासाठी सभागृहाची कार्यवाही आणि जुने अंक तारीखवार शेजारी ठेवून वाचावे लागतात. जुन्या पत्रांसाठी इथे माधवराव सप्रे संग्रहालय आहे. (सप्रे मूळचे मराठीच, बरं का!) आणि वस्तीत जाऊन बसावे लागते, ते वेगळेच.

"मावशी, सरांना प्रश्नावलीच हवी," ती म्हणाली.

"मग पहिला प्रश्न हा घाल," मी म्हटलं, "त्या रात्रीआधी तुम्हाला कोणी काही सांगितलं होतं का?"